सुभेदारांच्या नातवाचं डोकं

"कळलं का गं, काल रात्री सुभेदारांकडे जेवणं झाली नाहीत!"

रविवारी सकाळी काकू मेंदीच्या कुंपणाशी येतात तेव्हा त्यांच्या हातात मोठी कात्री असते. मेंदी कापली जातेच असं नाही. यायला निमित्त हवं, म्हणून कात्री. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. तोंडात चिमटा होता, तरी "ऑं?" एवढं निघालंच.

"नातू डोकं भादरून आला. बाजूला नुसतं कातडं, वर हे एवढं रान, कानाभोवती गोल खरवडलेलं आणि मागं मानेवर झिपऱ्या. तेही शनिवारी! आजी म्हणाल्या, शनिवारी केस कापलेस, आता निस्तर. सुभेदार म्हणाले, हे ध्यान माझ्या पंगतीला नको. सूनबाई म्हणाल्या, मग मीही बसत नाही. पातेलंभर पिठलं तसंच राहिलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ज्यांनी सकाळी ते पातेलं घासलं त्यांनी. दुसरं कोण सांगणार?"

कामाच्या मावशी आमच्या तिन्ही घरांना एकच. त्यामुळं साताऱ्याच्या या गल्लीत वर्तमानपत्र उशिरा आलं तरी कुणाचं अडत नाही.

"कानाभोवती गोल आणि मागं झिपऱ्या, म्हणजे बर्स्ट फेड आणि मुलेट," मी म्हणाले.

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. नवा शब्द कानावर पडला की त्यांना त्याची व्याख्या लागते, आणि व्याख्या मिळाल्यावर उदाहरण.

"ऐका तर. आमच्याकडे दहावीपेक्षा याच विषयाचा अभ्यास पक्का आहे. फेड म्हणजे खाली कातडी दिसेल इतके बारीक केस आणि वर जाता जाता हळूहळू दाट. मधे कुठं रेघ दिसता कामा नये. हे बारीक कानाच्या जरासं वर संपलं तर लो फेड. कानशिलापर्यंत चढलं तर मिड. डोकं जिथं गोल वळायला लागतं तिथवर नेलं की हाय. तळाला शेव्हर किंवा वस्तरा फिरवून गुळगुळीत केलं तर स्किन फेड. कानामागून खाली उतरवलं तर ड्रॉप. आणि कान मध्यावर धरून भोवती अर्धगोल काढला तर बर्स्ट, म्हणजे कालचं प्रकरण."

"आणि तुझ्या ह्यांचं काय असतं?"

"त्यांचं 'जरा बारीक करा' असतं."

काकू हसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे धूपछाँव साडीसारखं. एक रंग कुठं संपला नि दुसरा कुठं सुरू झाला, बोट ठेवून सांगता येत नाही."

अगदी तेच. आणि ज्यात बोट ठेवता येतं, बाजू एकदम बारीक आणि वरचे लांब केस त्यावर पायरीसारखे पडतात, तो अंडरकट. 'पीकी ब्लाइंडर्स' ही इंग्रजी मालिका २०१३ साली आली, तेव्हापासून तो जगभर पसरला. त्या मालिकेची गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्मिंगहॅममधली, गुंडांच्या टोळीची. आमच्या चिरंजीवांनी एकही भाग पाहिलेला नाही, पण डोकं पाहिलेलं आहे.

टेपर म्हणून आणखी एक सभ्य प्रकार असतो. त्यात फक्त कल्ले आणि मागची मान एवढंच निमुळतं करत आणतात, बाकी बाजूला केस राहतात. बँकेत, शाळेत, मुलगी बघायला, कुठंही चालतो. काकूंच्या ह्यांना गेली कितीतरी वर्षं हाच कट आहे आणि त्याला नाव आहे हे त्यांना अजून माहीत नाही. सांगूही नये. सांगितलं तर सलूनवाला पैसे वाढवेल.

"पण मला एक कळत नाही," काकू म्हणाल्या, "नुसती बाजू भादरायला पाऊण तास कशाला लागतो? आमच्या वडिलांच्या वेळी न्हावी धोकटी घेऊन ओसरीवर यायचा. हाताचं मशीन असायचं, कट्‌ कट्‌ वाजणारं. दहा मिनिटांत एक डोकं. मधेच केस अडकला की वडील ओरडायचे, तेवढाच काय तो खोळंबा."

याचं उत्तर माझ्याकडं होतं, कारण हा पाऊण तास मी बसून पाहिला आहे. जेन्ट्स सलूनमध्ये बाईमाणसानं बसायचं म्हणजे दाराजवळची खुर्ची आणि नजर मोबाइलमध्ये. पण काम इतकं बघण्यासारखं असतं की मोबाइल बाजूला राहतो. आमच्या कोपऱ्यावरचा दादा तरुण आहे. आधी तो मुलाचं डोकं नुसतं बोटांनी चाचपतो. मागं उंचवटा आहे का, खोक पडल्याची जुनी खूण आहे का, भोवरा कुठं आहे, हे सगळं बघून घेतो. मग झिरो मशीननं डोक्याभोवती एक रेघ मारतो. ती पाहिली की आईच्या पोटात गोळा येतो, कारण ती अगदी कुणीतरी वाटी ठेवून काढल्यासारखी दिसते. त्यापुढचं सगळं काम ती रेघ पुसण्याचं. मशीनला प्लॅस्टिकची कंगवी लावतात, तिला नंबर असतो. बहुतेक मशिनांवर १ नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे साधारण १० आणि ४ म्हणजे १३. मशीनच्या बाजूला एक छोटा खटका असतो, तो वर-खाली केला की दोन नंबरांच्या मधली मापं निघतात. खरा हात तिथंच दिसतो. मशीन डोक्यावर सरळ वर नेलं तर नवी रेघ पडते, म्हणून तो मनगट वळवून पातं डोक्यापासून बाहेर काढतो. शेवटी शेवटी तर सबंध पातंही लावत नाही, नुसता कोपरा टेकवतो आणि एखादा ठिपका काळा राहिला असेल तो उडवतो. खुर्ची फिरवतो, दिव्याखाली मान तिरकी करतो, पुन्हा बघतो. वरचे केस कंगव्यावर उचलून कातरीनं बाजूला जुळवून घेतो. मग कपाळाची, कल्ल्याची, मानेची कड. मग पावडर, ब्रश आणि मागून धरलेला आरसा.

त्या आरशात आमचं कार्टं जितका वेळ बघतं तितका वेळ त्यानं कुठल्या पुस्तकात बघितल्याचं मला आठवत नाही.

"आणि हे टिकतं किती दिवस?" काकूंचा मुद्द्याचा प्रश्न.

"केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, किंचित जास्तच."

बाई इतिहासाच्या असल्या तरी गणितात कच्च्या नाहीत. बोटांवर हिशेब झाला. "म्हणजे झिरो केलेला भाग आठ-दहा दिवसांत तुझ्या त्या एक नंबरला पोचला. पंधरा दिवसांत सगळं सपाट. मग कसला फेड नि कसलं काय!"

हेच तर कुणी सांगत नाही. लांब केसांत महिन्याभराची वाढ लपून जाते, पण तीन मिलिमीटरचे केस सहा झाले तर ते दुप्पट झाले. त्यामुळं ज्याला फेड ठेवायचा त्याला दर दोन-तीन आठवड्यांनी खुर्चीत बसावं लागतं. सलूनवाल्याला हे उत्तम कळतं. आमच्याकडं साधी कटिंग ऐंशीला आणि फेड दीडशेला. तो दीडशेचा आकडा नव्हे, तो महिन्यातून दोनदा येतो ही खरी गोम. मी आईच्या नात्यानं हिशेब मांडून दाखवला, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "मग लो टेपर करतो, तो महिनाभर चालतो." तेव्हा अक्कल आहे, वापरायची वेळ आणावी लागते इतकंच.

"पण मला दीडशे जास्त वाटतात," मी काकूंना म्हणाले, आणि काकू एकदम वर्गात गेल्या.

"कारागिराच्या हाताला भाव करू नये. आणि न्हाव्याला तर नाहीच. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी संप केला होता, ठाऊक आहे? विधवा बायकांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून. नारायण मेघाजी लोखंडे पुढं होते, सत्यशोधक चळवळीतले, गिरणी कामगारांचे पुढारी. सुधारकांची भाषणं चाललीच होती, पण हातात वस्तरा असलेल्या माणसांनी तो खाली ठेवला, ही गोष्ट वेगळी. पोटावर पाय देऊन घेतला होता त्यांनी."

मी चिमटा लावायची थांबले. हे मला खरंच माहीत नव्हतं.

आता ऐका, आमचा कोपऱ्यावरचा दादाही काही कमी नाही. शाळेतली पोरं भुवईत रेघ मारून दे म्हणून येतात, तो देत नाही. "आईला फोन लाव, ती हो म्हणाली तर मारतो," म्हणतो. गिऱ्हाईक जातं, पण त्याला चालतं. सुभेदारांच्या नातवाला त्यानं मुलेट कसा काय कापून दिला, हे मला कोडंच होतं. काकूंनी तेही सोडवलं. "आईला फोन लावला होता. तिनं हो म्हटलं. म्हणून तर ती काल जेवायला बसली नाही."

पुढं काकू सुभेदारांवर घसरल्या. त्यांचं गाव अपशिंगे, साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेलं अपशिंगे मिलिटरी, जिथं घराघरातून माणूस फौजेत गेलेला. सातारचं सैनिक स्कूल १९६१ सालचं, देशातलं पहिलं. या जिल्ह्यात बाजूला बारीक केस हा शिस्तीचा शिक्का. आणि इथंच मला सुभेदारांची गंमत वाटते. हा जो फेड म्हणून पोरं मिरवतात, त्याचं मूळ शोधत गेलं तर पलटणीतच सापडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगंमागं अमेरिकी सैनिकांचे केस बाजूला आणि मागं असेच निमुळते करत आणायचे. पुढं तिथल्या काळ्या वस्तीतल्या न्हाव्यांनी त्याची कला केली. १९८० नंतरच्या दशकात बाजू कोरीव आणि वर सपाट उंच मनोरा असा हाय-टॉप फेड हिप-हॉपच्या पोरांनी डोक्यावर घेतला. विल स्मिथची 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' ही मालिका १९९० साली सुरू झाली, त्यातलं त्याचं डोकं आजही पोरं मोबाइलवर काढून दाखवतात. त्याआधी विजेचं मशीन आलं नसतं तर यातलं काही झालं नसतं, हेही आहेच. इलिनॉयमधल्या स्टर्लिंग गावच्या लिओ वॉलनं १९१९ मध्ये ते हातात मावेल असं केलं. त्याच्या आडनावाचं मशीन आज आमच्या कोपऱ्यावरही गुणगुणतं.

"म्हणजे सुभेदारांचाच कट, फक्त डोक्यावर रान ठेवलेला," काकू म्हणाल्या.

"हे तुम्ही त्यांना सांगा."

"मी कशाला सांगू? मला शेजार ठेवायचाय."

काकूंना पोरांच्या डोक्यांचं तसं नवल नाही. वर्गात उभं राहून त्यांनी सगळ्या लाटा पाहिल्या आहेत. अमिताभच्या काळी कान झाकणारे केस होते, तेव्हा कान दाखवा म्हणून शिक्षक पट्टी घेऊन फिरायचे. २००३ साली सलमानचा 'तेरे नाम' आला आणि मागची बाकं एका साच्यातून काढल्यासारखी मधला भांग पाडून बसली. "सगळ्यांच्या डोळ्यांवर केस. हजेरी घेताना कोण बोललं तेच कळेना." मग धोनी. पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी २००६ साली लाहोरात, केस कापू नकोस, छान दिसतात, असं त्याला सांगितलं आणि मुख्याध्यापकांची पंचाईत झाली. पोरं म्हणायला लागली, सर, राष्ट्राध्यक्षांनी सांगितलंय. २००८ च्या शेवटी 'गजनी' आला तेव्हा तीच पोरं टक्कल करून त्यात व्रणाच्या रेघा पाडून आली. बाकी २००२ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या रोनाल्डोनं सगळं डोकं भादरून कपाळावर एक त्रिकोण तेवढा ठेवला होता. तसं करून येणारं एक कार्टं काकूंच्या शाळेतही निघालं होतं. पुढं रोनाल्डोनं जगभरच्या आयांची माफी मागितली. त्या पोरानं मागितली नाही.

आता सिनेमाची वाट बघावी लागत नाही. मुंबईत हेअरस्टायलिस्ट आलिम हकीमच्या खुर्चीतून कोहली उठला की फोटो त्याच दिवशी आमच्या कोपऱ्यावर. फोटो दाखवायला माझी हरकत नाही. पण डोकं आपलं असतं, हे फोटोत येत नाही. दादा म्हणतो ते मला पटतं. चेहरा गोल असेल तर बाजू कमी करून वर उंची ठेवावी, चेहरा लांबोळका असेल तर हाय फेड करू नये, आणखी लांब दिसतो. कान बाहेर आलेले असतील तर कानावर थोडे केस राहू द्यावेत. मागं खोक पडलेली असेल तर स्किन फेडच्या नादी लागू नये, सगळ्या गावाला दिसते. आणि भोवऱ्यापाशी केस फार आखूड केले की ते उभेच राहतात, कितीही जेल चोपडा.

"सुभेदारांच्या नातवाला दोन भोवरे आहेत," काकूंनी आवाज उतरवून सांगितलं. "बारशालाच पाहिलेत मी. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं."

"आधी बारावी होऊ दे त्याची."

एक गोष्ट मात्र मला काकूंना कळवळून सांगावीशी वाटली, कारण त्यांचाही नातू सुट्टीत येतो तेव्हा त्याच खुर्चीत बसतो. मशीन एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर तसंच गेलं तर नायटा पसरतो. वस्तऱ्याचं पातं दोघांत वापरलं तर त्याहून वाईट, रक्तातून पसरणारी कावीळ होऊ शकते. फेडमध्ये पातं कातडीला घासूनच जातं, तेव्हा हा धोका 'जरा बारीक करा'पेक्षा जास्त. आमचा दादा वस्तऱ्यात नवं ब्लेड गिऱ्हाइकासमोर घालतो आणि मशीनवर औषध मारतो. करोनात सलून बंद राहिली, २८ जून २०२० ला उघडायला परवानगी मिळाली, तीही फक्त केस कापायला, दाढीला नाही. त्या वेळी लागलेली ही सवय त्यानं सोडली नाही. (त्या तीन महिन्यांत आमच्या ह्यांनी घरीच मशीन आणलं होतं. मुलाच्या डोक्याला ते लावताना कंगवी बसवायची राहिली. चिरंजीव त्यानंतर बरेच दिवस ऑनलाइन शाळेत कॅमेरा बंद ठेवून होते. त्यावर अधिक बोलत नाही, हे कुंपणापलीकडं ऐकू जातं.)

तेवढ्यात हे आलेच, मानेवर पावडर घेऊन. सकाळी सात वाजता नंबर लावायला गेलेले.

"सुभेदार होते सलूनमध्ये," चप्पल काढता काढता ह्यांनी सांगितलं. काकू कुंपणावरून निम्म्या इकडं आल्या.

सुभेदार दादाला जाब विचारायलाच गेले होते म्हणे. दादानं काही उत्तर दिलं नाही. "काका, तुमचीही कटिंग झालेली नाही, बसा," म्हणाला. बसवलं. नेहमीसारखी कटिंग केली आणि मागून आरसा धरला. मग म्हणाला, "मानेपासून कानापर्यंत बघा. तुमचं आणि नातवाचं मशीन एकच. झिरो, मग एक, मग दोन. फरक कानाच्या वरचा." सुभेदारांनी आरशात बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "त्या मागच्या झिपऱ्या निघतील?"

"आत्ता पाठवा. पैसे नकोत."

"पैसे घ्यायचे," सुभेदार म्हणाले आणि उठले.

तह असा झाला: झिपऱ्या जाणार, वरचं रान चार बोटं राहणार, बाजू आहे तशी राहणार. नातवाला खालच्या मानेनं का होईना, मान्य आहे. आजींचा राग शनिवारचा असल्यामुळं त्यावर अजून तोडगा नाही.

काकूंनी कात्री उचलली. मेंदी तशीच. "मी जरा सूनबाईंकडे जाऊन येते, पिठल्याचं भांडं द्यायचंय," म्हणाल्या. त्यांच्याकडं पिठल्याचं भांडं नव्हतं, पण मी काही विचारलं नाही.

तुमच्याही घरात असं डोकं असेल तर एवढं करा. रविवारी पाठवू नका, गर्दीत कुणाचाही हात घाईत चालतो. आमच्याकडं सोमवारी सलून बंद असतं, तेव्हा मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी पाठवा. पोराला नुसता फोटो नको, कुठपर्यंत बारीक आणि किती नंबर हे तोंडानं सांगायला लावा. ब्लेड नवं घालायला सांगा. आणि मागितलेले पैसे घासाघीस न करता द्या.